वजिराशिवाय डाव

आमच्या ऑफिसातून रिटायर झालेले मधुसूदनराव रोज संध्याकाळी मुकुंदवाडीच्या बागेत बुद्धिबळ मांडून बसतात. चार वर्षं मी त्यांच्याकडून हरत होतो, तेव्हा ते हसून मला चहा पाजायचे. काल मी पहिल्यांदा जिंकलो. त्यांनी हातसुद्धा मिळवला नाही.

"इंद्रजीत, नोकरी तुला सवलतीत मिळाली," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हे डोकं कुठून आणलंस?"

माझे कान तापले. पटावर दोघांना सारख्याच सोंगट्या मिळतात, म्हणून तर मी या खेळात रमलो होतो. मी डाव पुन्हा मांडला आणि माझा वजीर उचलून खिशात टाकला.

"ही सवलत तुम्हाला, साहेब. बसा."

वाटलं, पट उधळून निघून जातील. मधुसूदनरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मुकाट्यानं पहिलं प्यादं सरकवलं.