काचेवरचा थर

समुद्रात बुडवलेल्या काचेवर सूक्ष्मजीव कशी वस्ती करतात, याचा ताई अभ्यास करत होती. धक्क्याखाली टांगलेली काच दर सोमवारी तिचा पाणबुड्या भाऊ सोडवून आणायचा आणि नवी बांधायचा.

त्या महिन्याच्या पहिल्या काचेवर बुळबुळीत, तपकिरी थर धरला होता. मधोमध मात्र तान्ह्या बाळाच्या पंजाएवढी जागा लख्ख होती, पाचही बोटांसकट.

"मस्करी पुरे झाली," ताई म्हणाली.

"अगं, माझा हात एवढासा आहे का?"

दुसऱ्या सोमवारी तोच पंजा शाळकरी मुलाएवढा झाला होता. तिसऱ्या सोमवारी ताईने त्यावर आपला तळहात ठेवून पाहिला. तो तंतोतंत बसला.

भावाने धक्क्याच्या शिडीवरून पाण्यात उतरायला साफ नकार दिला. पण तीन वर्षांचं काम अर्धवट टाकायला ताई तयार नव्हती. चौथ्या सोमवारी भर दुपारी तिने स्वतःच दोरी वर ओढली. टोकाला काच नव्हती. दोरी तुटलेली नव्हती. गाठ कुणीतरी नीट सोडवली होती.

ती वाकून पाण्यात पाहू लागली, तेवढ्यात भावाने तिचा दंड घट्ट धरला.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "शिडीकडे बघू नकोस."