करकर

कृत्रिम रेतन केंद्रातला वळू महिनाभर थंडच होता, वीर्य देईना, म्हणून डॉक्टरांनी त्याला पूर्वी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. "नसा शाबूत, कणा ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. "घोडं कुठं पेंड खातंय कळेना, काका!" म्हाताऱ्यानं वळूच्या गोठ्याचं फाटक ढकललं. ते मुकाट उघडलं. "बिजागऱ्यांना तेल कुणी घातलं?" "मीच घालायला लावलं. फार करकरायचं." "अहो, नऊ वर्षं ती करकर ऐकूनच गडी तयार व्हायचा. डोक्यातून कण्याला हुकूमच तेव्हा सुटायचा!" म्हाताऱ्यानं तोंडानंच फाटकाची जुनी करकर काढली. वळूनं कान टवकारले. तो डुरकला आणि पुढं सरसावला. संध्याकाळी म्हाताऱ्यानं घराचं दार ढकललं. ते करकरलं. आत म्हातारीनं चटकन केस सावरले, लग्नाच्या पहिल्या वर्षी सावरायची तसे. "चाळीस वर्षं सांगतेय, तेल घाला की त्या दाराला!" म्हाताऱ्यानं तेलाची बाटली फळीवर आणखी मागं सरकवली.