कर्नलला कोण सांभाळणार

कावळा काही खाली येईना.

प्रवरासंगमच्या घाटावर सहादेवचा दहावा होता. पिंड मांडून मंडळी हात जोडून मागे सरली होती. बाभळीवरचे कावळे त्यांच्याकडे तपासणीला आल्यासारखे बघत होते. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून एकेकाने वचनं द्यायला सुरुवात केली.

"दादा, वैनीला अंतर देणार न्हाई," धाकटा भाऊ मच्छिंद्र म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

"वैनीचा वाटा वैनीलाच करून देतो."

एका कावळ्याने पंख साफ केले.

"चांगुणाला आमी पोरीवानी बघू रं," म्हाताऱ्या चुलत्याने सांगितलं.

सहादेवची बायको चांगुणा लांब बायकांत बसली होती. प्रत्येक वचनाला ती मान वर करून झाडाकडे बघायची आणि पुन्हा खाली घालायची.

ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून मोकळं व्हायचं ठरवलं. तेव्हा सहादेवचे शेजारी शामकांत मास्तर पुढे आले. त्यांना भूक लागली होती.

"सहादेवा, तुझ्या कर्नलला मी सांभाळीन."

कर्नल हा कुत्रा होता. अंगाने वासराएवढा, अकलेने त्याहून थोडा कमी. नगरच्या छावणीतला साहेब विलायतेला निघाला, तो कुत्र्याला गोळी घाला म्हणून सांगून. सहादेव तिथे कडबा टाकायला गेला होता, तो रिकाम्या गाडीत कुत्रा घेऊन आला. शिस्त पुढे लावू म्हणाला आणि त्याआधीच तापाने गेला. कर्नलला घरी ठेवलं तर घर राहायचं नाही, म्हणून दहाव्यालाही आणून पिंडाजवळच उभ्या गाडीच्या चाकाला बांधला होता.

नुसतं बोलून भागणार नाही म्हणून मास्तरांनी साखळी सोडली. त्यांनी कुत्र्याला नेलं असं म्हणता येणार नाही. कर्नल निघाला आणि मास्तर साखळीला होते. वाळूतून वळणापर्यंत पोचतात तोच मागून ओरडा झाला, "शिवला! शिवला!"

"दादाचा जीव कुत्र्यात हुता की!" मच्छिंद्र म्हणाला. लोक दहाव्यालासुद्धा हसले.

चांगुणा हसली नाही.

घोडेगावात मास्तर एकटेच राहत. आता ते एकटे राहिले नाहीत. कर्नलने त्यांची दोन धोतरं खाल्ली, शेजारच्या रतनबाईंचं वाळवण तुडवलं आणि शाळेतला हिंदुस्थानचा नकाशा मधोमध फाडला. तपासणीचे साहेब म्हणाले, असू द्या, नवा येणारच आहे.

संध्याकाळी चांगुणा कर्नलसाठी भाकरी घेऊन यायची.

"ह्याला उपाशी ठिवू नका, मास्तर. त्यांचा जीव ह्याच्यात हुता."

"तुम्ही जेवलात का?"

"माझं काय हाय." ती उंबऱ्याशी टेकली. "एवढ्या मंडळींनी माझं नाव घेतलं. एका तरी बोलाला यायचं हुतं त्यांनी."

"अहो, कावळा तो. त्याला काय कळतंय?"

"कर्नलचं बरं कळलं."

मास्तर भाकरी मोडत बसले.

पुढे ती वाळत गेली. कर्नलची भाकरी मात्र चुकली नाही. एकदा म्हणाली, "सपनात आलते. मी म्हनलं, मला एकदा तरी हाक मारा. तर कुत्र्यालाच हाका मारत गेले."

वैद्याने तीनदा औषध बदललं. मग मच्छिंद्रला बाजूला घेऊन म्हणाला, पोटात अन्नच नाही, औषध कशावर देऊ?

शेवटच्या दिवशी मास्तर बघायला गेले. कर्नल मागोमाग गेलाच.

"मास्तर, खरं सांगा. त्यांना माझं काईच वाटत नव्हतं का?"

"वाटत होतं," मास्तर म्हणाले.

तिने दारात बसलेल्या कर्नलकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिच्या दहाव्याला मंडळी पुन्हा त्याच घाटावर जमली. कर्नल पुन्हा चाकाला बांधला. कावळे पुन्हा बाभळीवर.

"वैनी, कर्नलला मास्तरांनी टाकलं तर मी बघीन," मच्छिंद्र म्हणाला. सगळ्यांना वाटलं, आता येणार.

आला नाही.

"मी त्याला टाकणार नाही," मास्तर म्हणाले.

कोणी तिची तुळस सांभाळायला घेतली, कोणी गाय. ऊन चढलं. वचनं संपली. भटजींनी दर्भ हातात घेतला.

तेवढ्यात काठाने शेळ्या गेल्या. कर्नलने साखळी तोडली आणि त्यांच्यामागे सुटून वळणाआड दिसेनासा झाला. मास्तर त्याच्यामागे चार पावलं धावले आणि मागे पंखांची फडफड ऐकून थांबले.

बाभळीवरचे सगळे कावळे एकदम पिंडावर उतरले होते. कोणी काहीच बोललं नव्हतं.