टाकीत पाचच

टाकीत पाचच होते.

तोमासानं तिसऱ्यांदा मोजलं. दोन काळे, दोन करडे, एक पांढरा. सगळ्यात धाकट्याचा पत्ता नव्हता. तिनं बाही कोपरापर्यंत ओढली, थंडगार पाण्यात हात घातला, शेवाळ सारलं, दगडाखाली चाचपलं. नाहीच. टाकीवर जाड झाकण, झाकणावर वीट. मांजराची काय बिशाद! आणि आहोलोते काही आपणहून फिरायला निघत नाहीत. सरड्यासारखे दिसणारे हे सॅलॅमँडर जन्मभर पाण्यातच राहतात.

म्हणजे हात माणसाचा. आणि घरात माणसं दोनच.

दुसरी कासिल्दा, तोमासाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर "एकटीला करमत नाही" म्हणत ती पुएब्लाहून सोचिमिल्कोला तोमासाकडे आली, ती पेटी-बिछान्यासकट. तेव्हापासूनच घरात काहीतरी शिजतंय असं तोमासाला वाटे. गांडुळांचा डबा पूर्वी कितीतरी दिवस पुरायचा. आता आठवड्यात तळ दिसे. रोज सकाळी कासिल्दा सहज विचारल्यासारखं विचारायची, "घातलंस का ग त्यांना खायला?" आणि उत्तर ऐकताना नजर चुकवायची. तिच्या खोलीचं दार हल्ली कायम लोटलेलं. त्यात एके दिवशी पांढऱ्याचा पुढचा पंजाच दिसेनासा झाला.

रविवारी जेवताना तर कमालच झाली. कासिल्दा म्हणाली, "आई मक्याच्या सालीत गुंडाळून आहोलोते भाजायची, आठवतं? काय चव होती ग!"

तोमासाच्या हातातली टॉर्टिया हातातच राहिली. सगळा उलगडा झाला. डबे रिकामे करून त्यांना पोसायचं, आणि गुबगुबीत झाले की एकेक उचलायचा. लाझारोनं, तोमासाच्या दिवंगत नवऱ्यानं, कालव्याकाठच्या मळ्यात पैदास करून वाढवलेली ही जित्राबं. जाताना "यांचं तेवढं बघ" एवढंच तो म्हणाला होता.

गुरुवारी कासिल्दा बाजाराला गेली. फाटक वाजलं तशी तोमासा तिच्या खोलीत शिरली. पेटी उघडली, पलंगाखाली पाहिलं. खिडकीखाली ओल्या फडक्यानं झाकलेला प्लास्टिकचा टब होता. तिनं फडकं ओढलं. आत वीतभर पाण्यात धाकटा निवांत पडला होता. मानेजवळची कल्ल्यांची झालर हलवत, नेहमीसारखा हसऱ्या तोंडानं.

"सापडलीस!" तोमासा मोठ्यानं म्हणाली.

टब पायाशी ओढून ती पलंगावर बसली. काय काय बोलायचं ते तिनं मनात घोटून ठेवलं. आज एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नव्हता.

कासिल्दा भरली पिशवी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"खाणार होतीस की विकणार होतीस? तेवढं सांग. मग उचल तुझी पेटी."

कासिल्दानं पिशवी खाली ठेवली. "खाल्लाच असता त्याला. पण मी नाही, मोठ्यांनी. एक पाय तोडला होता, दुसराही कुरतडायला लागले होते. म्हणून वेगळा काढला."

"थापा मारू नकोस. इतकी वर्षं एका टाकीत नांदताहेत ते. कोणी कोणाला ओरखडा काढला नाही."

"पोट भरलेलं असलं की नांदतात, तोमासिता. उपाशी राहिले की पुढ्यात जे हलेल त्याचा लचका तोडतात."

"म्हणजे मी उपाशी ठेवते त्यांना? दिवसाआड घालते मी, न चुकता!"

"मी आले त्या दिवशी डबा काठोकाठ भरलेला होता. आतली गांडुळं वाळून काड्या झाली होती. मग मी घालायला लागले. मधे आठ दिवस पुएब्लाला गेले, परत येते तो याचा पाय गेलेला."

"खोटं! परवाच मोजलेत मी. चांगले सहा होते!"

"हा महिनाभर इथेच आहे ग. पाय बघ त्याचा."

तोमासा वाकली. पुढच्या उजव्या पायाच्या जागी एक नवा, इवलासा पाय फुटला होता. काचेसारखा आरपार दिसणारा, चार बोटांचा. तो काही दोन दिवसांत फुटलेला नव्हता. लाझारोच्या हाताखाली तिनं असे कितीतरी पाय फुटताना पाहिले होते. तिला ते कळत होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?" तिचा आवाज खाली आला होता.

कासिल्दा तिच्याशेजारी पलंगावर बसली.

"सांगितलं ग. या महिन्यात हा टब तुला चौथ्यांदा सापडलाय."

तोमासानं तिच्या चेहऱ्यात लबाडी शोधली. कपाळावर, डोळ्यांत, ओठांच्या कडेला, सगळीकडे शोधली. दमलेली एक बाई तेवढी दिसली. बाहेर कालव्यातून कोणीतरी नाव वल्हवत गेलं. मग तोमासानं बहिणीचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं,

"कासी, मी आज काही खाल्लं का ग?"