मणिद्वीपाची गुणपत्रिका

"शी! ह्याला रडणं म्हणतात?" भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. "गालावर ग्लिसरीन आणि नजर कॅमेऱ्यावर. किळस येते."

टीव्हीवर 'मणिद्वीपाची राणी' चालू होती. राणीचं राज्य समुद्राच्या तळाशी, पण तिचे केस मात्र कोरडे आणि वाऱ्यावर उडणारे. सेनापतीला माशाचं शेपूट, त्यातून त्याचे बूट दिसत होते.

"इतकं मळमळतं तर बघता कशाला? बंद करते मी," हेमाताई म्हणाल्या.

"थांब. प्रयोग कितीही भिकार असो, परीक्षकाने मध्येच उठायचं नसतं."

तीस वर्षं भाऊंनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या हौशी नाट्यस्पर्धांचं परीक्षण केलं होतं. पाचपाच तासांचे रटाळ प्रयोग त्यांनी ताठ बसून पाहिले होते. आता डोंबिवलीतल्या या दोन खोल्यांत, रोज संध्याकाळी सात वाजता, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर स्पर्धेची पिवळी पडलेली छापील गुणपत्रिका घेऊन ते बसत. पंधरा दिवस हा नेम चालला होता. निकाल लागेपर्यंत गुण कुणालाही दाखवायचे नाहीत, बायकोलासुद्धा नाहीत, हाही त्यांचा जुनाच नेम.

हेमाताईंना ती मालिका बघवत नसे. पण भाऊंचा जीव रमतोय ना, मग चालू दे, असं त्यांनी ठरवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी रिपोर्ट आला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार तर चार महिने. मुलगा सूरज, सून रचना आणि हेमाताई, तिघांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ठरवलं, की भाऊंना कळता कामा नये. मोहन्याला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला असंच आजाराचं नाव कळलं, आणि त्यांनी अन्नच सोडलं. अकराव्या दिवशी गेले. हेमाताईंनी रिपोर्ट पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या कागदांच्या तळाशी सारला. एवढं खोटं बोलताना त्यांना स्वतःचीच शिसारी येई, पण भाऊ दोन घास जेवत होते, चिडत होते, जगत होते.

जाहिराती लागल्या तेवढ्यात सूरज आला. बूटसुद्धा न काढता दारातच म्हणाला, "बाबा, डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी विचारलेलं नीट. सगळं नॉर्मल आहे."

"मग हे पोटात दुखतं ते?"

"ॲसिडिटी."

"ॲसिडिटीच," रचना आतून म्हणाली.

"ॲसिडिटीच आहे हो," हेमाताई म्हणाल्या. "उद्यापासून तिखट बंद."

भाऊंनी मान डोलावली. हेमाताई उठून आत गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या तेव्हा मालिका पुन्हा सुरू झाली होती आणि भाऊ पुठ्ठ्यावर वाकून भराभरा लिहीत होते.

"कुणाला झोडपताय एवढं?"

"सगळ्यांनाच. एकालाही खोटं बोलता येत नाही गं. अभिनय म्हणजे दुसरं काय असतं? समोरच्याला पटलं पाहिजे. हे वाक्य म्हणतात आणि पटलं का म्हणून वर तोंडाकडे बघत बसतात."

"अहो, पोटासाठी करतात बिचारे. द्या की चार गुण जास्त."

"दयेचे गुण मी कधी दिले नाहीत," भाऊ म्हणाले. "पण आज मोह होतोय खरा."

पडद्यावर राणीने मरणाऱ्या राजाचं डोकं मांडीवर घेतलं. राजाची पापणी दोनदा लवली. भाऊंनी तोंड वाकडं केलं, पेन खिशाला लावलं आणि खुर्चीत मागे रेलले. थोड्या वेळाने त्यांची मान कलली आणि पुठ्ठा मांडीवरून घसरला.

हेमाताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. गुणपत्रिका उचलली. राणीला किती गुण दिलेत ते तरी बघू, म्हणून त्यांनी ती दिव्याखाली धरली.

'सूरज: दहापैकी तीन. "नॉर्मल" म्हणण्याआधी घसा सुकतो. बूट काढायचं भान नाही.

रचना: चार. पडद्यामागून बोलते म्हणून निभावतं.

हेमा: दोन. रडण्यासाठी नळ सोडते. पाणी थांबलं तरी हुंदका थांबत नाही.

नेपथ्य: शून्य. रिपोर्ट लपवायला माझ्या गुणपत्रिकांचीच पेटी मिळाली?

शेरा: प्रयोग चालू ठेवावा. मी मध्येच उठणार नाही.'