चौथा दिवा

मृतांच्या सणाला मेलेले घरी येतात. झेंडूच्या वेदीवर मी आईचा, बाबांचा, भावाचा फोटो मांडला. तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डावर एकामागे एक चार एलईडींच्या पायांना कथलाचा डाख देऊन माळ पेटवली. तेवढ्यात बायको टेकडीवरून परतली. बेपत्ता पोरांच्या आया तिथे जमिनीत सळई खुपसून, खाली पुरलेल्याचा वास येतो का म्हणून टोक हुंगतात. “म्हाताऱ्या, फोटो तीन, चौथा दिवा कुणाचा?” “आपल्या एलीसेओचा.” “माझं पोरगं मेलं? पाहिलंस तू?” “मग रोज टेकडीवर काय हुंगतेस?” बोललो आणि जीभ चावली. तिने पक्कड उचलली. “अगं, एक तोडलास तर सगळे विझतील!” “विझू देत.” तिने चौथा दिवा बुडापासून तोडला. अंधार झाला. चाचपडत मी ती फट तारेने सांधली, तसे तिघे उजळले. तोडलेला दिवा तिने माझ्या हातावर ठेवला. “हा दारावर लाव. जिवंत माणूस दारातून येतो.” “लावतो,” म्हणालो. डाख द्यायला त्याला पायच उरले नव्हते.