साहेबांचं विमान

तुमसर तालुक्यातल्या एका गावाची धानाची जमीन कंपनीला खाणीसाठी हवी होती. मालक स्वतः आल्याशिवाय बोलणं नाही, असं सरपंच रंभाबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण दर ग्रामसभेला मॅनेजर एकटाच यायचा आणि साहेब परदेशात आहेत म्हणायचा.

या वेळी रंभाबाईंची सून राखी मोबाइल घेऊन उठली. साहेबांच्या खासगी विमानाचा फोटो कंपनीच्याच जाहिरातीत होता. त्यावरचा नंबर तिने विमानं दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाकला होता.

"विमान तर कालपासून नागपुरातच उभं आहे," ती म्हणाली. "साहेब परदेशात कायनं गेले, बसनं?"

सभा हसली. मॅनेजरचा चेहरा उतरला, मग आवाज चढला.

"माणूस कुठे जातो, कुठे उतरतो, यावर नजर ठेवता? खासगी आयुष्य असतं की नाही साहेबांना? पोलिसांत तक्रार होईल तुमच्या सुनेची."

राखी खाली बसली. रंभाबाई मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या.

"करा ना तक्रार. पण साहेबालेच ठाण्यात पाठवा. मी बी येतो, मले बी एक तक्रार द्याची आहे."

"तुम्हाला? कशाची?"




"जमीन मोजाच्या नावानं तुमचा ड्रोन रोज सकाळी आमच्या बिनछपराच्या न्हाण्यांवरून फिरून राहिला, त्याची."